जिथे पियानोने थांबायचं

पंधरा वर्षांपूर्वी दुबईच्या अल मनखूल भागात आम्ही नव्याने राहायला आलो, तेव्हा वरच्या मजल्यावरून दिवसभर पियानो ऐकू यायचा. लेकीची परीक्षा होती, म्हणून मी तावातावाने तक्रार करायला वर गेले. दार उघडलं ते संगीत शिकवणाऱ्या चिनी लिन मॅडमनी. माझ्या हातात गरम पाण्याचा कप देऊन त्या म्हणाल्या, "सिट. फाइव्ह मिनिट्स." तक्रार राहिली बाजूला, मी त्यांची शिष्या होऊन खाली उतरले. पुढे लेकही त्यांच्याकडेच शिकली.

मॅडमची वाद्यं दोन. एक पियानो आणि दुसरं गुझंग. हे चिनी तंतुवाद्य आडवं ठेवून उजव्या हाताने छेडतात, डाव्या हाताने तारा दाबून स्वर वाकवतात. आईकडून ऐकलेल्या चालींची वळणं गुझंगवर आणि पाश्चात्त्य स्वरमेळ पियानोवर, अशा त्यांच्या स्वतःच्या रचना. पियानोची बाजू माझ्याकडे असे.

मी मूळची पुण्यात पेटी शिकलेली. गाणारा थांबला की मागून भरणा करायचा, ही आमची शिस्त. मॅडमनी पियानोला लिहिलेले विराम मला ओकेबोके वाटत. ऊद मेथातल्या एका सभागृहात तालीम चालू असताना मी प्रत्येक विरामात हळूच स्वर भरले. वाटलं, मॅडम खूश होतील. त्यांनी हात वर केला.

"खलास. व्हॉट इज धिस?"

"मॅडम, रिकामं... एम्प्टी वाटत होतं."

त्यांनी मला शेजारी बसवून तार दाबली. स्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधेच कुठेतरी टेकला. "धिस नोट, पियानो डजन्ट हॅव. सो पियानो लिसन्स." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत झाली.

माझी आई गेली, तेव्हा पुण्याहून परतल्यावर मी क्लासला गेले, पण बोटं उचलेनात. मॅडमनी पियानो उघडलाच नाही. तासभर नुसत्या जवळ बसून राहिल्या.

यंदा त्यांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आणि संधिवाताने नेमका डावा हात धरला. तार दबेना. आम्ही शिष्यांनी त्यानिमित्त ठरवलेल्या गौरव समारंभात सगळं पियानोवरच वाजवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी विचारलं, "मग त्या स्वराचं काय?" त्यांनी गुझंगवर कापड ओढलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसातून मी थेट वर गेले आणि त्यांच्या डावीकडे स्टूल ओढलं. "मॅडम, यू प्लक. आय विल प्रेस."

पहिले कित्येक दिवस "टू मच, टू मच" एवढंच ऐकलं. पेटीवाल्या बोटांना मधला स्वर सापडेना. मग एका शनिवारी तो लागला. मॅडमनी डोळे मिटले. "माय मदर," एवढंच म्हणाल्या.

समारंभात ती रचना आम्ही दोघी एका गुझंगवर वाजवणार आहोत. पियानोवर लेक असेल. विरामात हात मांडीवर ठेव, असं तिला बजावलं, तर म्हणते, "आई, आय नो."

लिन मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचा उजवा हात असाच चालत राहो. डाव्याची काळजी त्यांनी करू नये, तो माझ्याकडे आहे.