लिया म्हणजे थकलेली

सकाळी नवऱ्याने फडताळातून चहाचा मग काढला, त्यावरचं वाचलं आणि विचारलं, "थॉमस म्हणजे जुळा. मग दुसरा कुठाय?"

मास्तरीणबाई चहा गाळत राहिल्या. हा प्रश्न त्यांच्या घरात मुलगी रांगत होती तेव्हापासून विचारला जातोय. त्या मुलीला आता स्वतःची मुलगी झाली. दुसरा अजून सापडलेला नाही.

त्यांच्या घरात घरच्या माणसाच्या नावाचा एकही मग नाही. सगळे परक्यांचे. पाहुणा आला की कोणाच्या हातात काय जाईल याचा नेम नसतो. शेजारच्या काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या पहिल्यांदा चहाला आल्या, तेव्हा त्यांच्यापुढे नेमका 'सेसिलिया, म्हणजे आंधळी' आला. काकू महिनाभर बोलल्या नाहीत. "त्यांना ते वाचता आलं, म्हणजे ऑपरेशन झकास झालं," असं नवरा म्हणाला. बाईंनी कपाळावर हात मारला.

बाईंनी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही. त्या भेटवस्तूंच्या दुकानात काम करतात. पुढे काचेची कपाटं, रिबिनी आणि मगांचा फिरता स्टँड. मागे एक खोली, तिथे मग छापतात. प्रत्येक मगावर ठळक नाव आणि खाली त्याचा अर्थ. दुकानात शिरलेला माणूस आधी तो स्टँड फिरवतो आणि स्वतःला शोधतो. गिऱ्हाइकं दहा ठिकाणांहून आलेली, म्हणून नावंही दहा भाषांतली. त्यांचे अर्थ शोधायचं काम मालकांनी बाईंना दिलं. "म्हणजे नावं ठेवायचाच पगार मिळतो की तुम्हाला!" हा विनोद भेटेल तो माणूस आपणच पहिल्यांदा करतोय अशा थाटात करतो.

बाईंनी ते काम मनावर घेतलं. घोळ तिथेच झाला. त्या लायब्ररीत बसल्या, जाडजूड पुस्तकं चाळली, गिऱ्हाइकांना थांबवून थांबवून विचारलं. मग जे होतं ते लिहिलं. पहिली खेप छापून झाली आणि मालकांनी एक खोका उघडला.

"बाई, हे काय? क्लॉडिया, म्हणजे लंगडी?"

"लॅटिन आहे."

"लॅटिन असू दे नाहीतर आणखी काही. वाढदिवसाला कोणी कोणाला लंगडी म्हणतं का?"

"पण अर्थ तोच आहे."

"आणि हा बघा. कॅमेरॉन, वाकड्या नाकाचा!"

"गेलिक," बाई म्हणाल्या. "स्कॉटलंडकडची भाषा."

"अहो मास्तरीणबाई! लोक इथे शिकायला येत नाहीत. कौतुक विकत घ्यायला येतात."

त्या दिवसापासून त्या मास्तरीणबाई झाल्या. मालक ती खेप फोडून टाकणार होते. मागच्या खोलीत मग छापणारा प्रेसवाला म्हणाला, "कान धड आहेत, बूड धड आहे, फोडता कशाला? ताईंना नेऊ द्या." अशी ती नावं घरी आली.

दुकानातल्या क्लॉडियाची चाल डौलदार झाली. सेसिलियाला अंतर्दृष्टी आली. डेबोरा म्हणजे मधमाशी, तिची गोडभाषी झाली. प्रत्येक नावावर बाई भांडल्या आणि प्रत्येक नावावर हरल्या. फेलिक्स म्हणजे सुदैवी आणि नादिया म्हणजे आशा. अशी सरळ नावं आली की त्या दिवसापुरती दुकानात शांतता नांदायची. मग कोणीतरी मंगोलियन मित्रासाठी नेरग्वी हे नाव छापून मागितलं.

"याचा अर्थ?" मालकांनी विचारलं.

"नाव नाही."

"नाव नाही कसं? हे काय मग?"

"अर्थच तो आहे. नाव नाही. बाळावरचं संकट वाट चुकावं म्हणून तिकडे असं नाव ठेवतात."

मालकांनी चष्मा काढून पुसला. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही माझ्या दुकानावरचं संकट आहात, आणि तुम्ही वाट चुकत नाही." पण तो मग छापला गेला, अर्थासकट. इतक्या वर्षांतला बाईंचा तेवढा एकच विजय.

बाईंचं तोंड मात्र बंद होत नसे. स्टँडजवळ कोणी 'अंतर्दृष्टी' वाचून खूश झालं की त्या मागच्या खोलीतून बाहेर यायच्या आणि खरं सांगायच्या. शेवटी मालकांनी मधल्या दाराला कडी बसवली. स्वतःच्या बाजूने.

अशा बाईंना नात झाली.

मुलगी आणि जावई वेगळे राहायचे, चार गल्ल्या पलीकडे. बाळ घरी आलं. नाव या आठवड्यातच नोंदवायचं होतं. बाई रोज कामावरून परस्पर तिकडे जायच्या आणि दारातूनच सुरुवात करायच्या. रात्री तोंडपाठ करून आणलेली नावं, त्यांचं मूळ, अर्थ, कोणी उलटसुलट बोललं तर काय उत्तर द्यायचं तेसुद्धा. मुलगी ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. नाही.

मुलीचं दुखणं बाईंना ठाऊक होतं. तिचं स्वतःचं नाव बाईंनी फार शोधून ठेवलं होतं. अर्थ भारदस्त, उच्चार अवघड. लहानपणी ती दुकानात यायची, स्टँड गोल गोल फिरवायची आणि रडवेली व्हायची. ती त्यावर कधीच नव्हती. शाळेत तिला रोज नाव दोनदा सांगावं लागे. "आई, तू मला नाव दिलं नाहीस, निबंध दिलास," असं ती एकदा म्हणाली होती.

त्या संध्याकाळी बाई सोफ्यावर टेकल्याही नव्हत्या, तोच मुलगी म्हणाली, "आई, आज नावं सांगू नकोस. आमचं ठरलं."

"काय ठरलं?"

"लिया."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "कुठली लिया?"

"कुठली म्हणजे? लिया. स्टँडवरची."

"अगं, तिचा अर्थ माहितीये का तुला?"

जावई स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो मदत करायला म्हणून बोलला. "शांत, सोशिक. मी दुकानात वाचलंय, आई."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकांनी पेनने खोडून, वर स्वतःच्या अक्षरात लिहिलेले ते दोन शब्द जावयाच्या तोंडून आले होते. "तो अर्थ मालकांचा आहे!" त्या म्हणाल्या. "हिब्रू नाव आहे. अर्थ आहे थकलेली. काही जाणकार वेगळं म्हणतात."

"काय म्हणतात?" जावयाने आशेने विचारलं.

"गाय."

"गाय चालेल," जावई म्हणाला.

"तुम्ही जरा आत जाता का?" बाई म्हणाल्या. जावई आत गेला. "तू एवढी शिकलेली. आठ दिवसांच्या पोरीला थकलेली म्हणणार? जन्मभर? तिला कोणी विचारलं तर काय सांगेल ती?"

"थकलेली," मुलगी म्हणाली. "मला अर्थ माहितीये, आई. आपल्या घरी होता की तो मग."

"माहिती असून?"

"माहिती आहे म्हणूनच. आणि ऐक, बाळासाठी तसाच एक मग करून आण. जुन्यासारखा."

बाळाने जांभई दिली. बाईंना तीही मुद्दाम दिल्यासारखी वाटली. त्या चहा न घेता निघाल्या.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "छान आहे की लिया. छोटं आहे. हाक मारायला बरं."

"अर्थ?"

"हाक मारताना अर्थ कुठे मारायचा असतो?"

बाईंनी हात टेकले. त्या ताटं घ्यायला उठल्या. ओट्यावर चमचे ठेवायला एक कान तुटलेला मग होता. त्यावरची अक्षरं घासून घासून पुसट झाली होती. लिया, म्हणजे थकलेली. हा एकेकाळी त्यांचाच चहाचा मग होता. कान तुटल्यावर चमच्यांचा झाला. बाईंनी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या मागच्या खोलीत संगणकापुढे बसल्या. नाव टाइप केलं. अर्थाच्या जागी बोट थांबलं. 'थकलेली' लिहिता येईना. 'शांत, सोशिक' तर मेल्या तरी लिहिणार नव्हत्या. उठल्या, पाणी प्यायल्या, परत बसल्या. मग एकदम 'प्रफुल्लित' असं लिहून त्यांनी कागद छापायला सोडला.

छपाईचा कागद उलटा निघतो, आरशात दिसावा तसा. प्रेसवाल्याला आता उलटंच पटकन वाचता येतं. त्याने कागद मगाभोवती गुंडाळला, चिकटपट्टी लावली आणि थांबला.

"ताई, लिया म्हणजे प्रफुल्लित?"

"प्रेस तापलंय ना? लाव."

"मालकांनी लिहिलं का?"

"मी लिहिलं."

प्रेसवाला तोंड उघडं टाकून पाहत राहिला. मग त्याने मधल्या दाराकडे पाहून हाक मारली, "मालक! इकडे या लवकर!"

"गप्प बस रे!" बाई म्हणाल्या. पण कडी वाजली होती.

मालकांनी तो मग प्रेसमधून निघेपर्यंत वाट पाहिली. गरम कागद सोलला गेला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं. बाईंना वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. "कोणासाठी?" एवढंच विचारलं.

"नातीसाठी."

"असं होय," मालक म्हणाले. "बाई, माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी नातीसाठीच येतो हो." आणि ते पुढे निघून गेले. इतक्या वर्षांच्या भांडणात त्यांनी असं शहाण्यासारखं बोलणं बाईंना अजिबात आवडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मुलीने मग हातात घेतला. वाचला. "हे काय?"

"मग."

"आई, हे खोटं आहे."

"असू दे. जरा बरं वाटतं."

"तू हे म्हणतेस? तू? काकूंना आंधळीतून चहा पाजणारी?"

"ते चुकून झालं होतं!"

"मला जुना हवाय. थकलेली लिहिलेला."

बाईंचा बांध फुटला. "का पण? जगात नावं संपली का? तुला माझ्यावर राग काढायचाय तर माझ्यावर काढ. पोरीवर कशाला? तुझं नाव अवघड ठेवलं, चुकलं माझं. म्हणून हिला अशी शिक्षा?"

मुलीने हातातला मग बाजूला ठेवला. मग म्हणाली, "राग नाहीये गं." तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मी वाचायला कशावर शिकले, आठवतंय तुला?"

"पाटीवर."

"मगांवर. तू कामावरून यायचीस, चप्पल काढायचीस आणि तो मग घेऊन खिडकीपाशी बसायचीस. मी समोर बसून अक्षरं जुळवायचे. एकदा मला ते पूर्ण वाचता आलं. मी विचारलं, आई, लिया कोण?"

"मग?"

"तू म्हणालीस, मी. आता गप्प बस आणि मला चहा पिऊ दे."

बाईंना हे आठवत नव्हतं. पण बोलणं आपलंच होतं, यात त्यांना शंका वाटली नाही.

"मला खरंच वाटलं," मुलगी म्हणाली. "बाहेर तुझं नाव वेगळं आणि घरात हे. कितीतरी वर्षं. आणि थकलेली म्हणजे काय ते कुठे कळत होतं मला? तू घरी आलीस की तो मग निघायचा. मला वाटायचं, थकलेली म्हणजे घरी आलेली."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. जावई ऐकत होता.

बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "असा अर्थ कुठल्याही कोशात नाही."

"नसू दे."

"हिब्रूत तर मुळीच नाही."

"आई."

"म्हणजे माझं नाव ठेवतेयस तू तिला? थकलेली? मी काय एवढी थकलेली दिसायचे?"

"दिसायचीस म्हणजे? आता आरशात बघ."

बाईंनी बाळाकडे पाहिलं. ते झोपेत कपाळाला आठ्या घालत होतं, कोणीतरी चुकीचं काही सांगत असल्यासारखं. "दे इकडे तो मग," त्या म्हणाल्या. "बदलून आणते."

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत त्यांनी अर्थाच्या जागी 'थकलेली' एवढा एकच शब्द लिहिला आणि कागद प्रेसवाल्याच्या पुढे ठेवला. त्याने उलटा वाचला. या वेळी त्याने मालकांना हाक मारली नाही. नाव त्याच दिवशी नोंदवलं गेलं. नोंदणी करणाऱ्याने जावयाला अर्थ विचारला म्हणे. जावयाने "आमच्या सासूबाई" असं उत्तर दिलं.

परत आलेला मग घरी फडताळात गेला. सकाळी नवऱ्याच्या हाताला नेमका तोच लागला. त्याने केस विंचरलेले नव्हते, दाढी वाढलेली होती. त्याने वाचलं, "लिया, म्हणजे प्रफुल्लित."

"त्यातून पिऊ नका," बाई म्हणाल्या. "तो खोटा आहे."

"आणि थॉमस?"

"तो खरा आहे. त्यातून प्या. आणि दुसरा कुठाय म्हणून विचारलंत तर बघा."

नवऱ्याने थॉमस पुढे केला. बाईंनी ओट्यावरचे चमचे बाहेर काढले, कान तुटलेला मग विसळला आणि त्यात स्वतःचा चहा ओतला. मग फार तापला होता आणि धरायला कान नव्हता. तो पदरात धरून, वैतागत, त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या.