आधी आपण जायचं

कार्डिफला आमच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचे लीगबाहेरचे सामने स्पोर्ट्स ऑफिसातले एक काका ठरवायचे. मी कॅप्टन. तिथे मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ईमेलचा जमाना आला होता, तरी ते फोनच करायचे, आणि तोही उभं राहून, जणू समोरचा माणूस दारात आलाय. नियम एकच: यंदा आपण त्यांच्या मैदानावर, पुढल्या वर्षी ते आपल्याकडे. "आधी आपण जायचं रे, मग बोलवायचं," म्हणत ते पेन्सिलीने डायरीत लिहायचे. मिनिबसमध्ये पुढे बसायचे, मांडीवर चिवड्याचा डबा.

एका उन्हाळ्यात त्यांनी येत्या सीझनचे सगळे सामने आमच्याच मैदानावर ठरवले. फोनही बसूनच केले. मी वैतागलो.

"अहो काका, मग पुढल्या वर्षी आपल्याला सगळीकडे जावं लागेल. मँचेस्टर, केंब्रिज, सगळं!"

"जा की तुम्ही," ते हसून म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करू लागले.

फेब्रुवारीत काका गेले. पुढल्या सीझनला केंब्रिजच्या वाटेवर मला ते वाक्य आठवलं. कायम 'आपण' म्हणणारा माणूस त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाला होता, आणि मी सामने मोजत बसलो होतो.