डाव्या हाताचा क्लच

लहानपणीच्या पोलिओमुळं माझा डावा पाय लुळा आहे. औरंगपुऱ्यातल्या एका ऑफिसात मला नोकरी लागली, तेव्हा दादा मला रोज स्कूटरवरून सोडायचा आणि मग वाळूजला स्वतःच्या कंपनीत जायचा. तिकडं नवे कारखाने उभे राहत होते, त्याच्या शिफ्ट सारख्या बदलायच्या. मला कुठंही जायचं तर आधी त्याची वेळ बघावी लागे.

गंगापूरला आमच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर होते. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडची कडब्याची गंजी जनावरांनी संपवत आणली आणि तिच्याखाली त्यांची जुनी मोटार उघडी पडली. पुढं एक चाक, मागं दोन, फायबरची बुटकी बॉडी, मागच्या बाजूला स्कूटरसारखं इंजिन.

"घेऊन जा," ते दादाला म्हणाले. "तुला यंत्रांचा नाद आहे. इथं नुसती जागा अडवते."

दादानं ती टेम्पोत घालून आणली. दोन दिवस नुसता तिच्याभोवती फिरला. मग मला म्हणाला, "ही तू चालवायची."

"क्लच कोण दाबणार? तू?"

"क्लच पायानंच दाबावा असं कुठं लिहिलंय?"

त्यानं पेडल काढलं आणि स्कूटरचा क्लच लिव्हर स्टिअरिंगला बसवला. वळताना तो हातातून निसटायचा. मग तोच लिव्हर गिअरच्या दांड्यावर आणला. क्लच दाबायचा नि गिअर टाकायचा, दोन्ही डाव्या हातानं. ते जमलं. सीटही चार बोटं उंच केली.

हर्सूलचा तलाव तेव्हा कोरडा पडला होता. तळाच्या भेगाळलेल्या मातीवर मी शिकले. सुरुवातीला गाडी नुसती बेडकासारखी उड्या मारायची. शेळ्या चारणारे एक बाबा लांबून बघायचे. एकदा ते ओरडले, "ताई, हाना बिनधास्त! धडकायला हितं हायच काय?" मी इतकी हसले की गाडी बंद पडली.

लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदा एकटी ऑफिसला निघाले आणि क्रांती चौकात क्लचची केबल तुटली. मागं हॉर्नचा गोंधळ. एक रिक्षावाले उतरून आले, गाडी बाजूला ढकलली, आत डोकावून म्हणाले, "बाजी, ये तो अपनीच केबल है!" आणि त्यांच्या डिकीतली जादा केबल काढून दिली. त्यांची ती थोडी लांब होती, पण चालणार होती. ते बसवायला वाकले, तर मी म्हटलं, "भाईजान, मैं लगाती." दादानं शिकवलं होतं. साडीची पर्वा न करता रस्त्यावर बसले आणि केबल बसवली. काळ्या हातांनी ऑफिसात शिरले.

संध्याकाळी दादाला सांगितलं. त्यानं केबल तपासली, एक नट जरा आवळला आणि म्हणाला, "बरोबर बसवलीस." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

त्या रविवारी आई म्हणाली, "मला वेरूळला घृष्णेश्वराला ने." वाटेतल्या घाटात इंजिन तापलं. आम्ही दोघींनी झाडाखाली बसून आईनं बांधून आणलेल्या दशम्या खाल्ल्या, मग सावकाश पुढं निघालो. दर्शनाला उशीर झाला, पण घाई कुणालाच नव्हती.