सबनीससाहेबांचा सत्कार

सबनीससाहेब रोज सकाळी गोंदाची बाटली घेऊन सोसायटीत फेरी मारत. मुलुंडच्या आमच्या सोसायटीचे ते बारा वर्षं चेअरमन. कुणाची स्कूटर पांढऱ्या रेषेच्या चार बोटं बाहेर दिसली, की सीटवर ‘आपण शिस्त मोडली आहे’ अशी छापील चिठ्ठी चिकटवायची. ती चिठ्ठी निघायची नाही, सीटचं रेक्झिन निघायचं. तक्रार केली की म्हणायचे, “डिसिप्लिन, कर्णिक, डिसिप्लिन! या देशाची वाट कशामुळे लागली, सांग?” मी कर्णिक, त्यांचा शेजारी आणि सोसायटीच्या सगळ्या कार्यक्रमांचा सूत्रसंचालक.

साहेब दारूही शिस्तीत पीत. स्टीलचं एक माप सोबत असे आणि तीन मापांच्या पुढे ते जात नसत. फक्त ते माप त्यांनी स्वतः बनवून घेतलं होतं आणि त्यात दोघांचा चहा सहज मावला असता. “आपल्याला कंट्रोल आहे रे,” असं ते भिंतीला धरून सांगत. माणूस वाईट नव्हता. माझी आई आजारी होती तेव्हा आठ दिवस हॉस्पिटलात डबा त्यांनीच पोचवला, नेमक्या साडेबाराच्या ठोक्याला.

धुळवडीला साहेब, नलूवहिनी आणि मी भांडुपला त्यांच्या मित्राकडे गेलो होतो. दुपारी परतताना साहेबच गाडी चालवायला बसले. तिन्ही मापं पोटात गेलेली मी पाहिली होती, तरी मागच्या सीटवर मुकाट बसलो. रिक्षाने जाऊ म्हणायचं धाडस झालं नाही. वळणावर नाकाबंदी दिसली. रंगलेली तोंडं ओळीने उभी राहून मशीनमध्ये फुंकत होती. साहेबांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, “नलू, तू इकडे बस. पटकन!”

वहिनींनी जन्मात गाडी चालवली नव्हती. तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झालेली बाई, वर्गात पेन्सिल पडली तरी ऐकू यायची म्हणे. पण नवऱ्यापुढे त्यांचा आवाज फुटत नसे. त्या स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. तेवढ्यात एक तरुण हवालदार चालत आला.

“कोण चालवत होतं?”

“आमच्या मिसेस,” साहेब म्हणाले. “सांग ना गं.”

“हो. मीच,” वहिनी म्हणाल्या.

हवालदाराने आत वाकून पाहिलं. “ताई, जरा ब्रेकवर पाय ठेवा बघू.”

साहेब सहा फूट, वहिनी जेमतेम पाच. सीट साहेबांच्या पायांच्या हिशोबाने मागे सरकवलेली. वहिनींनी पाय ताणला तरी वीतभर अंतर उरलं. हवालदार हसला नाही. “शिकलेल्या दिसता, ताई. आणि खोटं बोलता?” मग साहेबांकडे वळून म्हणाला, “या काका, फुंका.” साहेबांनी आधी मशीन धुतलेलं आहे का, याची चौकशी केली.

गाडी जप्त झाली. परतताना रिक्षात वहिनी एवढंच म्हणाल्या, “मला त्याने खोटारडी ठरवलं. तुम्ही मला बोलायला लावलंत, हे एकदा चारचौघांत सांगा.”

“अगं, प्रोसिजर असते ती! त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं?”

कोर्टाने दंड केला, लायसन्स सहा महिने निलंबित केलं आणि वर तीन महिने दर रविवारी सकाळी सिग्नलला फलक धरून उभं राहायला सांगितलं, ‘दारू पिऊन वाहन चालवू नका.’ दुसऱ्या कुणी तोंड लपवलं असतं. साहेबांनी पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री केली, शिट्टी विकत घेतली आणि सोसायटीत सांगितलं, “ट्रॅफिकवाले मागेच लागले रे. म्हणाले, तुमच्यासारखी डिसिप्लिनची माणसं पुढे आली पाहिजेत.” लोकांना पटलं. बायका थर्मासमधून ताक पाठवू लागल्या, पोरं फोटो काढून घेऊ लागली, साहेब हेल्मेट नसलेल्यांना झापू लागले. एकदा त्यांनी खुर्ची मागितली, तेव्हा ड्युटीवरचा पोलीस म्हणाला, “काका, शिक्षा उभ्यानेच भोगायची असते.” मी ऐकलं. मी ताक घेऊन गेलो होतो.

तीन महिने संपले आणि ज्येष्ठ नागरिक संघाने साहेबांचा सत्कार ठरवला. शालीचा रंग साहेबांनीच सुचवला. मी माइकवरून ‘रस्ते सुरक्षेचा वसा घेतलेलं व्यक्तिमत्त्व’ वगैरे म्हणालो, टाळ्या पडल्या. साहेब डिसिप्लिनवर वीस मिनिटं बोलले, त्यात धुळवडीचं नाव नव्हतं. मग रिवाजाप्रमाणे मी वहिनींना दोन शब्द बोलायची विनंती केली.

“ती शिक्षा होती,” वहिनी म्हणाल्या. “हे पिऊन गाडी चालवत होते. पोलीस दिसल्यावर, मी चालवत होते असं त्यांनी मला सांगायला लावलं. मी खोटं बोलले.”

साहेबांनी हसत हात जोडले. “आमच्या मिसेसना विनोदाची भारी हौस!” आणि अख्खा हॉल सुटल्यासारखा हसला.

वहिनी माझ्याकडे वळल्या. “कर्णिकभावजी, तुम्ही मागे बसला होतात. सांगा यांना.”

दुसरा माइक माझ्याच हातात होता. साहेबांनी डोळे वटारले नाहीत की विनवणी केली नाही, नुसती खांद्यावरची शाल सारखी केली. त्यांना माझी खात्री होती.

“वेळेअभावी,” मी म्हणालो, “आपण आभारप्रदर्शनाकडे वळू या.”

साहेब मागच्या वर्षी गेले. झोपेतच हृदय बंद पडलं. संघाने शोकसभा ठेवली, तेव्हा वहिनींनी निरोप पाठवला की ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, फक्त कर्णिकांनी बोलू नये. मी शेवटच्या रांगेत गप्प बसून राहिलो. ते मला पहिल्यापासून जमतं.