उष्ट्या हळदीचं तेल

आमच्या घरात चेहऱ्याच्या तेलांविषयी सगळ्यात जास्त वाचलेला माणूस मी आहे, आणि माझ्या मुलाचं लग्न नेमकं त्यामुळेच मोडता मोडता राहिलं.

बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. छापलेलं काहीही हाती आलं की ते शेवटपर्यंत वाचायचं, अगदी औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा, ही खोड तिथलीच. रोहितचं लग्न ठरलं तेव्हा ही खोड घरातल्यांना फारशी उपयोगाची वाटत नव्हती. मंडप, आचारी, बँड यांपैकी कशातच कुणी माझं मत विचारलं नाही. मग एक दिवस बावड्याहून स्नेहलचा, म्हणजे होणाऱ्या सूनबाईंचा, फोन आला.

तिने माझ्या बायकोला, मंगलला, फार संकोचत एवढंच सांगितलं की तिची त्वचा तेलकट आहे. दोन वर्षांपासून चेहऱ्यावर मुरमं येत होती, आता कुठे थांबली आहेत. हळदीला तिची काही ना नाही, फक्त त्यात खोबरेल नको. खोबरेल लागलं की दुसऱ्या दिवशी तोंड फुटलंच म्हणून समजायचं, आणि दुसऱ्या दिवशी तर लग्न.

मंगलने फोन ठेवला आणि मी हात वर केला. तेलाचं खातं माझ्याकडे!

पुढचे काही दिवस मी वाचत होतो. तेलकट त्वचेला तेल लावू नये हा गैरसमज आहे, हे मला कळलं. हलकं तेल चालतं. जोजोबाचं चालतं, द्राक्षाच्या बियांचं तर फारच छान. (आमच्या भागात माणसं आयुष्यभर द्राक्षं पिकवतात आणि बिया थुंकून टाकतात. इतिहासात अशा चुका पुष्कळ आहेत.) कोरड्या त्वचेला मात्र जड तेल हवं, बदामाचं किंवा खोबरेल. संवेदनशील त्वचा असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून वाट बघायची. चेहरा ओलसर असताना दोन-तीन थेंब तळहातावर घ्यायचे आणि चोळायचं नाही, नुसतं दाबायचं. हे सगळं मी जेवताना सांगत असे. रोहित जेवण लवकर उरकू लागला.

रोहितची त्वचा कोरडी. एमआयडीसीतल्या कंपनीत भट्टीशेजारी उभं राहून त्याच्या गालांची पार भाकरी झालेली. तेव्हा माझा निर्णय असा झाला: नवरीसाठी द्राक्षाच्या बियांच्या तेलाची बाटली, रिबीन बांधून, बस्त्याबरोबर रवाना, आणि नवरदेवाच्या हळदीत खोबरेल आणि बदामाचं मिश्रण. ज्याच्या त्याच्या त्वचेला ज्याचं त्याचं तेल. इतकं न्यायाचं वाटप आमच्या भाऊबंदकीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी निमगाव केतकीहून माझी थोरली बहीण आक्का आली. आमच्या घरातले रीतिरिवाज तिच्या ताब्यात असतात. तिने हळदीचं ताट पुढे ओढलं आणि गोडंतेल मागितलं. मी माझी बाटली पुढे केली आणि उपस्थित बायकांना कोरड्या त्वचेविषयी थोडक्यात माहिती दिली. (मंगलच्या मते थोडक्यात नव्हती.)

आक्काने सगळं ऐकून घेतलं. "झालं व्हय तुजं?" ती म्हणाली. "मग वत त्यात."

मी ओतलं. सढळ हाताने ओतलं. रोहित पिवळाधमक झाला, बायकांची गाणी झाली, मलाही दोन-चार वहिन्यांनी शर्टावर हळद फासली. मग उरलेली हळद आक्काने पितळी वाटीत काढली, वर विड्याची पानं झाकली, करवल्यांना गाडीत बसवलं आणि ती निघाली. मी फाटकापर्यंत जाऊन हातसुद्धा हलवला.

परत आलो तर रोहित पाटावर तसाच बसलेला. "पप्पा," तो म्हणाला, "आक्काआत्या गेली कुठं?"

"बावड्याला. उष्टी हळद घेऊन."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकू आलं. आमच्याकडे नवरदेवाची उरलेली हळद नवरीकडे जाते आणि ती तिच्या अंगाला लागल्याशिवाय तिची हळद सुरूच होत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. फक्त ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, त्यामुळे ऐन वेळी आठवलं नाही.

मंगलने माझ्याकडे पाहिलं. त्या पोरीने एवढी एकच गोष्ट मागितली होती, असं ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी आक्काला फोन लावला. तो आमच्याच स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी, वाजला. स्नेहलचा फोन कुणी उचलेना. हळदीच्या दिवशी नवरीचा फोन व्हिडिओ काढायच्या कामावर असतो. मग मी आहे त्या पिवळ्या शर्टात गाडी काढली. अंथुर्ण्याजवळ उसाचे दोन ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, मोठमोठ्याने गाणी लावून माझ्यापुढे डुलत चालले होते. त्यांना वाट द्यायची घाई नव्हती आणि मी हॉर्न वाजवला की मागच्या ट्रॉलीवरचा माणूस माझा शर्ट बघून प्रेमाने हात करायचा.

बावड्याला पोचलो तेव्हा आक्काची गाडी मंडपाबाहेर उभी होती. मी धावतच आत शिरलो. माझी समजूत अशी की घाईत असलेल्या माणसाला लोक वाट देतात. पण मी नवरदेवाचा बाप होतो. मला बघताच स्नेहलचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, हात जोडत आले. व्याही न बोलावता हळदीला आले, म्हणजे सत्कार आलाच! मला खुर्चीवर दाबून बसवण्यात आलं, एक जण मागे फेटा बांधायला उभा राहिला आणि दुसरा माईकवरून माझ्या साधेपणाबद्दल बोलू लागला. सत्कारांविषयी माझी मतं फार परखड आहेत. ती फेटा बांधणाऱ्याच्या कोपराखाली मांडता येत नाहीत.

समोर, बायकांच्या गराड्यात, स्नेहल पाटावर बसली होती. आक्काने विड्याचं पान वाटीत बुडवलं आणि पायापासून सुरुवात केली. पाय झाले. पान पुन्हा वाटीत. गुडघे झाले. आता खांदे आणि मग कपाळ.

मी अर्धवट फेट्यानिशी उठलो, माईक ओढून घेतला आणि म्हणालो, "हळद थांबवा."

आक्काचं पान हवेतच राहिलं. फेट्याचं दुसरं टोक अजून त्या माणसाच्या हातात होतं, त्यामुळे मला हलताही येईना. तात्यांचा चेहरा पांढरा पडला. ते जवळ आले, आवाज अगदी खाली आला. "पाव्हणं, आमचं काय चुकलं आसंल तर घरात बसून बोलू. आसं मान्सात नगा."

"तुमचं काही नाही, तात्या," मी म्हणालो, "त्वचेच्या प्रकारात घोटाळा झालाय." माईक चालूच होता.

मग मला सगळं सांगावं लागलं. तेलकट, कोरडी, जड, हलकं. सांगता सांगता एक आजोबा शेजाऱ्याला विचारताना ऐकू आले, "हुंड्याचं हाय का काय?" शेजारी म्हणाला, "न्हाय वं, खोबरेलाचं." आजोबांची थोडी निराशाच झाली असावी.

आधी स्नेहल हसली, मग मंडप हसला. तात्यांनी उपरण्याने घाम पुसला. आक्काने पान खाली ठेवलं आणि गुडघ्यापर्यंत लागली म्हणजे लागली, वरचं पोरीच्या तेलाने करा, असा निकाल दिला. द्राक्षाच्या बियांची बाटली रिबिनीसकट बाहेर आली.

मी जवळ गेलो तेव्हा स्नेहल हळूच म्हणाली, "मी गप्पच बसणार होते, पप्पा. पहिल्याच दिवशी आत्यांना नको कसं म्हणायचं?"

त्या वाक्यासाठी मी आणखी दोन फेटे बांधून घेतले असते.

पण वाटीत हळद उरली होती. "उष्टी हळद माघारी न्यायची न्हाय आन टाकायची बी न्हाय," आक्का म्हणाली आणि तिने बावड्याच्या बायकांकडे नुसतं पाहिलं. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. पुढे काय झालं ते त्या व्हिडिओत आहे. कपाळ, गाल, नाक, कान, काही सोडलं नाही.

माझी स्वतःची त्वचा कुठल्या प्रकारची, हे तपासायचं मात्र राहून गेलं होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात कळलं. नवरीचा चेहरा इतका नितळ होता की मेकअपवाल्या बाईंना झाकायला काही सापडेना, म्हणून त्यांनी सगळं सामान घेऊन माझ्याकडे मोर्चा वळवला. अल्बम आता आला आहे. त्यात सगळ्यात नटलेला माणूस मीच दिसतो. माझ्या शेजारी नवरी अगदी साधी वाटते.