कापड कापताना

आमच्या मोठ्या जाऊबाई शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि कापायचं लांब टेबल आहे. काम आवरलं की संध्याकाळी प्रार्थनेच्या पुस्तकातलं एक पान सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं, हा त्यांचा नेम. सासूबाईंना दिसत नाही. मी वाचायला बसले तर म्हणतात, "धाकटे, मागे कुत्रं लागलंय का तुझ्या?"

गेल्या वर्षी जाऊबाईंचा उजवा कान दुखू लागला. थेंब घातले, गुण नाही. तोंड उघडताना कानापाशी टक् वाजायचं. एका सकाळी तर तोंडात दोन बोटंही शिरेनात. वाचन बंद पडलं. सासूबाई तक्रार करायच्या नाहीत. ठरल्या वेळी खुर्चीत येऊन बसायच्या आणि थोड्या वेळानं उठून जायच्या. ते बघवत नसे.

"दाढच किडली असणार. काढूनच टाकते," जाऊबाई म्हणाल्या.

मी दातांच्या दवाखान्यात सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी दाढ ठोकून पाहिली, फोटो काढला, मग दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावलं.

"दाढ ठणठणीत आहे. दुखतोय तो जबड्याचा सांधा, आणि त्याला ओढणारे स्नायू."

"गुडघ्याला विश्रांती देता येते हो. याला कशी देऊ?"

"मऊ खा, लहान घास घ्या, गालाला शेक द्या. जांभई आली की हनुवटीखाली हात धरा. आणि जेवण सोडून एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे. धागा दातांनी तोडता ना?"

जाऊबाईंनी शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घातली.

त्या दिवसापासून त्यांच्या गळ्यात फितीला बांधलेली छोटी कात्री आली. दीड महिना गेला. ठणका थोडा उतरला, पण तोंड काही उघडेना. जाऊबाई कंटाळल्या. "दाढ काढून देणारा दुसरा कोणी बघते," असं त्यांनी जाहीर केलं. मला धडकीच भरली. चांगली दाढ जायची आणि दुखणं तिथंच राहायचं!

तेव्हा खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "मोठे, थांब जरा. मशीन चालवताना तू माझ्याशी बडबडतेस. मोठी कात्री हातात आली की तुझा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. आणि ती खाली ठेवून बोलायला लागलीस, की टक्."

दुसऱ्या दिवशी जाऊबाई कापायला लागल्या तेव्हा मी समोरच उभी राहिले. कापड सरकत होतं आणि गालावर सुपारीएवढी गाठ उठली होती. दात असे आवळलेले, की मला माझेच दात दुखल्यासारखे वाटले.

सांगितल्यावर त्या टेबलाला टेकल्या. "एकोणीस वर्षांची होते. टेलर मास्तरकडे शिकत होते. दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या मी. मास्तरनं त्या उंच धरल्या आणि सगळ्या दुकानाला विचारलं, 'गिऱ्हाईकाला दोन उजवे हात आहेत का रे?' अजून कात्री धरली की ते हसणं ऐकू येतं."

"अगं, तीस वर्षं झाली," सासूबाई म्हणाल्या. "मास्तरला आठवतसुद्धा नसेल. तू एकटी दात आवळून बसलीस."

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या खूश झाल्या. "मग बोलत बोलत कापा. बोलणाऱ्याला दात आवळता येत नाहीत."

पण टेबलाशी बोलायचं तरी काय? सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढायला लावली. "पाठ आहे तीच प्रार्थना म्हण. हळू म्हण, मला ऐकू येतं."

पहिल्या दिवशी कात्री अर्ध्या बाहीत थांबली.

"काय झालं?"

"पुढची ओळ आठवेना."

सासूबाईंनी ओळ सांगितली. कात्री पुढे निघाली.

मी इतकी वर्षं हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना करत आले. देवाला ती कात्रीच्या आवाजातही चालत असावी. तीन महिन्यांनी जाऊबाईंच्या तोंडात तीन बोटं मावली. टक् अजून कधीतरी वाजतं, पण दुखत नाही. न दुखणाऱ्या आवाजाची काळजी करू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

परवा संध्याकाळी जाऊबाईंनी पुस्तक पुन्हा उघडलं. अर्धंच पान वाचलं. सासूबाई समाधानानं मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "आजच्या बाह्या एक उजवी, एक डावीच ना गं?"

जाऊबाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की मीच घाईनं त्यांच्या हनुवटीखाली हात धरला.