नसीमबाईंच्या चार पानी गोष्टी

नसीमबाई गेल्याचं मला मुरुमच्या बसस्टँडवर कळलं. उमरग्याच्या दवाखान्यातून त्यांच्या भावाचा फोन आला. "आपा गेली, मॅडम..." त्याला सव्वा महिना झाला. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर राग त्याहून जास्त आहे.

विशेष मुलांच्या फिरत्या शिक्षिका म्हणून त्या आठवड्यातून दोनदा आमच्या शाळेत यायच्या. माझ्या पहिलीच्या वर्गात आरती होती. घंटा वाजली की ती किंचाळत पळत सुटायची, अडवेल त्याला चावायची. मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बजावलं होतं, "घरीच ठेवा हिला. बाकीच्या पोरांचं नुकसान होतंय." आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, गप्प बसलो होतो.

नसीमबाईंनी पहिले काही दिवस आरतीकडं नुसतं बघण्यात घालवले. मग चार कागद शिवून एक गोष्ट केली. शाळेचेच फोटो, खाली मोठ्या अक्षरांत एखाद-दुसरी ओळ. 'शाळेत घंटा वाजते. मला तो आवाज लई मोठा वाटतो. मी कानांवर हात ठेवते. बाईंजवळ उभी राहते. घंटा थांबते.' अशा गोष्टींना सामाजिक गोष्टी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. 'पळू नको' असं त्यात कुठंच कसं नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तिला काय होतंय ते आधी लिवायचं, मॅडम. हुकूम सोडायला सगळेच हायत की." घंटेआधी त्या आरतीशेजारी बसून ती गोष्ट वाचायच्या, त्या नसतील त्या दिवशी मी. तिसऱ्या आठवड्यात घंटा झाली आणि आरती कान झाकून माझ्या साडीला चिकटून उभी राहिली. पळाली नाही.

तपासणीला आलेल्या साहेबांनी ते कागद दोन बोटांत धरले. "हे कुठल्या नमुन्यात बसतं? गोष्टी सांगायला नेमलंय का तुम्हाला?" मुख्याध्यापक हसले. पुढच्याच महिन्यात नसीमबाईंना तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. तरी त्या दर रविवारी आरतीच्या घरी जायच्या. केस कापायला बसायची गोष्ट, तुळजापूरच्या गर्दीत आईचा हात धरून चालायची गोष्ट... प्रत्येक वेळी नवी.

आणि परवाच्या शोकसभेत तेच मुख्याध्यापक माईक धरून म्हणाले, "बाईंचे उपक्रम आम्ही मोठ्या अभिमानानं राबवले." राबवले? मी उठले. "सर, त्या मुलीला तुम्ही घरी बसवायला निघाला होता. बाईंना हसला होता. मी तिथंच होते." सभा तिथंच संपली.

बाहेर आरतीची आई थांबली होती. "मॅडम, ती दर ऐतवारी दारात बसतीया. बाई येणार न्हाईत, हे तिला कसं सांगू? तुमी एक गोष्ट लिवून द्या की."

घरी येऊन लिहायला बसले. 'नसीमबाई वारल्या. आता त्या आपल्या घरी येणार नाहीत. मला त्यांची आठवण येते.' मग हातून आणखी एक ओळ लिहिली गेली, 'मला राग येतो.' ती आरतीची की माझी, ठाऊक नाही. खोडली मात्र नाही.

रविवारी आरतीच्या दारात बसून आम्ही दोघींनी मिळून वाचलं. त्या ओळीवर आरतीनं बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.